निळ्या काठाचं ताट

डुलूथ, २१ डिसेंबर

प्रिय वेंडेल,

पाकिटावरचं अक्षर लायलचं नाही, माझं आहे, म्हणून न फोडता कचऱ्यात टाकू नकोस. सहाव्या भागाच्या त्या भांडणानंतर नाताळच्या कार्डाखेरीज आपलं काही बोलणं नाही हे मला ठाऊक आहे. त्या कार्डावर दोघांच्या सह्या असतात, पण लायलची सहीसुद्धा मीच ठोकते, हे तू इतक्या वर्षांत ओळखलंच असशील. शाळामास्तर होतास, अक्षर कळतं तुला.

आमचं सगळं बरं आहे. लायलला जरा खोकला आहे. थंडीचा.

लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. शुक्रवारी 'शनीपलीकडे'चा सातवा भाग लागला. तू पाहिलास का? तिकडे ॲरिझोनात वाळवंटात थिएटरं असतातच की.

आमची मंडळी नेहमीप्रमाणे सकाळपासून थिएटरच्या दारात घडीच्या खुर्च्या टाकून. आता खुर्चीचा नंबर आधीच फोनवर येतो, तरीही. थिएटरची मॅनेजर म्हणजे कालची पोर, ती येऊन म्हणते, "आजोबा, तुमची जागा कुठे पळून जात नाही, आत या, गारठाल." लायल म्हणाला, "जागेसाठी कोण बसलंय बाई? आम्ही रांगेसाठी बसलोय." मग तिने सगळ्यांना कॉफी दिली. तळ्यावरून वारा असा येत होता की कॉफी तोंडाला लावेपर्यंत पाणी. मी लायलच्या पाठीशी उशी लावली, यंत्र पायाशी ठेवून वर घोंगडी घातली. यंत्र म्हणजे आपलं असंच, ऊब राहायला.

लायलच्या अंगात गाबोरचा, सिनेमातल्या आचाऱ्याचा, ॲप्रन होता. मीच शिवलेला, पहिल्या भागाच्या वेळचा. नाडीला या वेळी दोन वेढे घेऊन पुढे गाठ मारावी लागली. गस आला होता, टगबोटवाला गस, डोक्यावर तेच यंत्रज्ञाचं शिरस्त्राण, आता त्याला टक्कल पडल्यामुळे ते कानांवर येतं. तो लायलला म्हणाला, "आचारीबुवा, जहाजावरचा शिधा संपला वाटतं, वाळलात!" लायल हसला. मी हसले नाही.

मला या सिनेमातलं काय कळतं, वेंडेल? लढाया आल्या की मी डोळे मिटून घेते, हे तू सगळ्यांना सांगून माझी चेष्टा करायचास. पण एक गोष्ट मला पहिल्या दिवशी कळली आणि तीच धरून मी तुमच्याबरोबर म्हातारी झाले. ती पायलट पोरगी, जुनो, छोटं यान घेऊन मदत आणायला जाते आणि परत येत नाही. सगळे म्हणतात मेली. आणि तो आचारी गाबोर काही न बोलता दर जेवणाला तिचं ताट मांडतो. निळ्या काठाचं, टवका उडालेलं. दर भागात. लढाई असो, आग लागलेली असो, ताट मांडलेलं असतंच.

तर या भागात गाबोरला सुरुवातीलाच मारलं. मारलं तर मारलं, पण थट्टा करून. भट्टीचा भडका उडतो, त्याची टोपी तेवढी उडून खाली येते आणि जहाजावरचे सगळे हसतात. थिएटरात काही पोरंही हसली. आणि मग, वेंडेल, जुनो परत येते! जिची वाट बघता बघता आपल्या डोक्याचा कापूस झाला ती दारातून आत येते, आणि टेबलच नाही. नवं चकचकीत जहाज, सगळे उभ्याउभ्या नळीतून काहीतरी चोखतायत. एक जण तिला "जेवलीस का?" म्हणून विचारत नाही. मी झोपले नव्हते रे. मी सगळा सिनेमा टक्क जागी होते.

नंतर पॅनकेकवाल्याकडे गेलो. तुमचा नियम: पहिला घास पोटात जाईपर्यंत सिनेमाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि कुणी बसायच्या आधी लायलने पिशवीतून आपलं तसलंच निळ्या काठाचं ताट काढून टेबलाच्या टोकाला मांडायचं. मार्सी अजून तिथेच वाढते, तिने आमचं टेबल जोडून ठेवलं होतं. लायल येऊन बसला. पिशवी मांडीवर. मार्सी म्हणाली, "लायल, ताट?"

"आज नको."

"अरे, पण..."

"आपण खुळ्यासारखं मांडत बसलो, मार्सी. त्यांना तर आठवणही नव्हती."

पहिला घास सगळ्यांचा झाला, दुसरा झाला, पण कुणी बोललंच नाही. गसने शिरस्त्राण काढून बाकावर ठेवलं. तुमची टोळी आणि इतकी गप्प! मला वाटलं, आपण कुणाला तरी पोचवून आलोय.

तेव्हापासून हा बोलत नाही. खिडकीपाशी बसतो. मी म्हटलं, "वाईट होता हं सिनेमा." तर म्हणतो, "असू दे, आर्डिस." माझ्या तोंडी ती शिवी लागूच पडत नाही, वेंडेल. ज्याला लढाईत झोप येते त्याने राग तो काय करावा! त्याला सांत्वन नकोय, त्याला कडाक्याचं भांडण हवंय, आणि ते माझ्या चुलीवर शिजत नाही. ते तुझ्याकडेच मिळतं.

एक फोन कर. सिनेमाला पोटभर शिव्या दे. मागचं काही काढू नकोस, म्हणजे झालं.

तुझी,
आर्डिस

ता. क. मी लिहिलंय हे त्याला माहीत नाही.


डुलूथ, ५ जानेवारी

प्रिय वेंडेल,

निवडुंगाचं कार्ड मिळालं. 'पाहिला नाही. पाहणार नाही. सहाव्या वेळीच सांगितलं होतं.' तीन वाक्यं. शाळेत पोरांना पदार्थविज्ञान शिकवतानाही तू इतका कंजूष नव्हतास. आणि खाली बारीक अक्षरात 'ॲप्रन गार पाण्यात धूत जा, रंग जातो', हे वाचून मी हसले आणि मग सिंकपाशी उभी राहून थोडी रडले.

सांगितलं होतंस, खरं आहे. मी तिथेच होते. सहाव्या भागातून अर्ध्यावर उठून गेलास, आम्ही पॅनकेकवाल्याकडे पोचलो तर आधीच येऊन बसलेला, आणि पहिल्या घासाचीही वाट न बघता सुरू झालास. लायल म्हणाला, "मला बरा वाटला, वेंडेल. ताट होतं की त्यात." तू म्हणालास, "तुझ्यापुढे भुसा वाढला तरी तू ताट चाटून वर छान झालंय म्हणशील. मी सिनेमाबद्दल सख्ख्या बापाशीही खोटं बोलणार नाही, तू कोण लागून गेलास?" लायल म्हणाला, "मग जा." आणि तू गेलास तो थेट ॲरिझोनापर्यंत गेलास. इतक्या लांब जा असं तो म्हणाला नव्हता.

तुला एक ठाऊक नाही ते सांगते. दर मे महिन्यात पहिल्या भागाच्या वाढदिवसाला टोळी जमते, ताट मांडलं जातं. पूर्वी ते रिकामं असायचं. तू गेल्यापासून लायल त्यावर राय पावाचे दोन टोस्ट ठेवतो. करपवलेले. मार्सीला मुद्दाम सांगून, "अजून काळे कर." जुनो पायलट करपलेले टोस्ट खाते असं कुठल्या भागात आहे, सांग बरं मला. गसने एकदा विचारलं तर लायल म्हणाला, "अवकाशात भूक वेगळी लागते."

आता दुसरं. मागच्या पत्रात मी यंत्र म्हटलं ते उबेचं नव्हे. प्राणवायूचं आहे. नाकाला नळी असते. खोकला थंडीचा नाही. डॉक्टरीणबाई फार चांगल्या आहेत, मायेने बोलतात, पण वसंत ऋतूचा विषय निघाला की त्या कागद चाळायला लागतात. लायलने मला शपथ घातली होती, "वेंडेलला कळवायचं नाही. दयेपोटी येणारा मित्र मला नको." मी शपथ मोडत नाहीये, जरा वाकवतेय. बायकोला तेवढा हक्क असतो.

काल जेवताना, म्हणजे मी जेवत होते आणि तो सूप ढवळत होता, तो एकदम म्हणाला, "आर्डिस, माझा चष्मा धुरकटला होता."

"कधी?"

"सिनेमात. या नळीमुळे वाफ धरते. त्यांनी कुठेतरी ठेवलं असेल. मागे, कोपऱ्यात. इतक्या माणसांत एकाला तरी आठवलं असेल की. तू परत जाऊन बघ."

"मी? गसला पाठव ना."

"गसला स्वतःचे बूट दिसत नाहीत. तू अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतेस."

वेंडेल, त्याचा चेहरा बघायला हवा होतास. चित्रपटवाल्यांनी दार लावून घेतलं, आणि हा फटीतून प्रकाश दिसतो का म्हणून बघतोय. तिकडे गाबोरने जितकी वर्षं मांडलं तितकी वर्षं ह्याने इकडे मांडलं. ते सगळं फुकट गेलं, असं मनात घेऊन याने जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे. बाकी मी देवाशी कसलीही घासाघीस करत नाही.

गुरुवारी दुपारच्या खेळाला जाते. चर्चमधली बेट्टी तेवढा वेळ लायलपाशी बसेल.

आर्डिस


डुलूथ, १९ जानेवारी

वेंडेल,

तुझं कार्ड आणि माझं हे पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून जाऊ नये म्हणून उत्तर यायची वाट बघितली. बघितली ते बरं झालं की वाईट, समजत नाही.

गुरुवारी गेले. थिएटरात मी आणि शाळा बुडवलेली दोन पोरं. मधल्या रांगेत बसले, पॉपकॉर्न घेतला नाही, हात मोकळे हवेत म्हणून. का मोकळे हवेत ते माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या सिनेमात काय चाललंय याच्याकडे न बघता मागे काय ठेवलंय ते बघितलं. फळ्या बघितल्या, हूक बघितले, भट्टीमागचा कोनाडा, जुनोच्या खोलीतलं कपाट. एकदा निळं काही चमकलं आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. बादली होती.

नाही रे ताट. नाही.

घरी येताना बसमध्ये घोकत होते, कसं सांगावं. दार उघडलं तर हा खिडकीपाशी नव्हता, दारापाशी चाकाच्या खुर्चीत, नळी ताणून, बेट्टी मागे उभी, तिला काही कळेना. अजून माझ्या अंगात कोट होता. तो म्हणाला, "काय?"

मी म्हटलं, "आहे."

तोंडातून निघून गेलं. मग त्याने कुठे, कसं, सगळं विचारलं आणि मी गालिचा विणावा तसं विणत गेले. त्याने मान मागे टेकली, डोळे मिटले, म्हणाला, "म्हणजे कुणालातरी आठवलं." रात्रीचं सूप सगळं प्यायला. बेट्टीने भाजून आणलेलं खिमा-बटाट्याचं हॉटडिशही दोन चमचे खाल्लं, आणि बेट्टीचं हॉटडिश धडधाकट माणूस टाळतो.

आणि आज तुझं कार्ड. 'पाहिला. दोनदा पाहिला, पहिल्या वेळी रागाने काही सुटलं असेल म्हणून. ताट नाही. त्याने विचारलं तर हेच सांगेन. तुला माहीत आहे मी कसा आहे. एप्रिलचं विमानाचं तिकीट काढतो आहे.'

पाहायला गेलास, दोनदा गेलास, येतोयस. मी तुझे हात हाती घेऊन आभार मानले असते. पण वेंडेल, तो आता सारखा म्हणतोय, "वेंडेलला सांगायला पाहिजे. त्याच्या नजरेतून सुटलं असणार, उठून गेला असणार अर्ध्यावर." नंबर शोधतोय. मी वही लपवून ठेवली आहे, पण गसकडे तुझा नंबर आहे.

मी तुला खोटं बोल म्हणत नाही. तुझा स्वभाव मी बदलणारी कोण? तो बदलायला निघालेल्या दोन बायका तुला सोडून गेल्या. एवढंच सांगते: डुलूथहून फोन वाजला तर उचलू नकोस. वाजू दे. नाहीतर नळ दुरुस्त करत होतो म्हण. न उचलणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

आर्डिस


डुलूथ, १६ मार्च

प्रिय वेंडेल,

लायलला पोचवायला लांबून आलास, वादळात एक दिवस विमानतळावर काढलास, शेवटच्या बाकावर बसलास. चर्चच्या तळघरात जेवणाच्या वेळी मी तुझ्यापर्यंत येईतो तुझ्या पुढ्यातलं हॅम सँडविच तसंच होतं. मी बसले तर तू म्हणालास, "मी त्याला फसवलं, आर्डिस. माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं खोटं होतं." मी तोंड उघडते तोच बेट्टीने मला ओढून नेलं, पाद्रीबाबा निघालेत म्हणून. परत आले तर तू गेलेला. तुझी ही सवय वाईट आहे, सांगून ठेवते. माणसाने उत्तर ऐकायला थांबावं.

तर ते उत्तर आता कागदावर घे.

जानेवारीअखेरच्या त्या रविवारी फोन तूच केलास. मी उचलू नकोस म्हटलं, तर तू स्वतःच केलास, वाकड्यातच जायचं तुला. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते, लायल टेबलाशी. मला त्याच्याच बाजूचं ऐकू येत होतं.

"कोण? अजून जिवंत आहेस होय!"

मग तू काय म्हणालास कोण जाणे, पण याची कळी खुलली. "भट्टीचा भडका! अरे, गाबोरला भट्टी कळत नाही? त्या दिग्दर्शकाला आधी महिनाभर बटाटे सोलायला बसवा म्हणावं! ... काय? नळीतलं जेवण? माझ्याही नाकात नळी आहे, पण मी त्याला जेवण म्हणत नाही!" हसता हसता खोकला, खोकता खोकता हसला. मी यंत्राचा काटा वाढवला आणि त्याला थांबवलं नाही. या घरात महिनाभराने आवाज झाला होता. तुम्ही दोघं त्या सिनेमाची सालं काढत होतात आणि मी बटाट्यांची, आणि मला वाटलं, चाललंय तसं चालू दे, दुसरं काही विचारू नये रे देवा याने.

मग त्याने विचारलं.

"आणि ताट पाहिलंस का?"

माझी सुरी थांबली. तिकडे तूही थांबला असशील, कारण लायलने दोनदा 'हॅलो, हॅलो' केलं. मग म्हणाला, "उजवीकडे? दाराजवळ? हुकाला टांगलेलं?"

आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

वेंडेल, मी त्याला सांगितलं होतं डावीकडे. भट्टीमागच्या फळीवर, पालथं घातलेलं. इतकं रंगवून सांगितलं होतं की टवकासुद्धा दाखवला होता. तुला लिहिताना कुठे ते लिहिलं नाही, कारण तू खोटं बोलशील असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तो माझ्याकडे बघत राहिला, आणि फोनमध्ये म्हणाला, "हां. बरोबर. आर्डिसही तेच म्हणाली. दाराजवळ." मग तुला म्हणाला, एप्रिलमध्ये ये, जाड कोट आण, इकडे एप्रिल म्हणजे हिवाळाच. ते तुला आठवत असेलच. फोन ठेवला.

मी म्हटलं, "लायल..."

तो म्हणाला, "सिनेमात नाही ना?"

"नाही."

"कुठेच?"

"बादली आहे एक."

तो हसला. म्हणाला, "तुझ्या खोट्याची मला सवय आहे, आर्डिस, लग्नापासून माझ्या गाण्याला चांगलं म्हणतेस. पण वेंडेल! अगं, वेंडेल खोटं बोलला. सिनेमाबद्दल." ॲप्रनच्या कडेने डोळे पुसले. ॲप्रन घरात कशाला घालतोस म्हणून मी सकाळीच कुरकुरले होते.

मी म्हटलं, "फिरवू का परत फोन? कळलं म्हणून सांग त्याला."

"नको, नको. जन्मात एकदाच बोललाय, जमलं असं वाटू दे त्याला." आणि मग म्हणाला, "पिशवीतनं ताट काढ."

मी काढलं. डिसेंबरपासून त्या पिशवीत होतं, खालून मुठीएवढी वाळू निघाली, उन्हाळ्यातल्या तळ्याकाठची. धुतलं, टेबलाच्या टोकाला मांडलं, आणि त्या दिवसापासून दर संध्याकाळी राय पावाचे दोन टोस्ट काळे करून त्यावर ठेवले. रोज धुराची घंटा वाजायची. मी टॉवेल हलवत छताखाली नाचायची आणि हा खुर्चीतून म्हणायचा, "अजून काळे! तो कोळसा खातो, कोळसा!" शेजारचे एकदा बघून गेले. शेवटच्या आठवड्यात बोलणं गेलं, तरी घंटा वाजली की तोंड हसरं व्हायचं. मंगळवारी सकाळी गेला. खिडकीतून तळ्यावर बर्फ फोडणारी बोट दिसत होती, तिकडे मान होती. मला वाटतं झोपेतच.

तेव्हा फसवलं वगैरे डोक्यातून काढ. तू नीट खोटं बोलला असतास, तर तो फसला असता. तुला काडीचंही येत नाही, तरी त्याच्यासाठी बोललास, आणि तेच त्याला मिळालं. ज्या लोकांनी सिनेमा केला त्यांना ताट आठवलं नाही. तुला आठवलं, नसलेलंही दिसलं. आता यावर आणखी काही लिहीत नाही, कागद ओला होतो.

तू न वापरलेलं एप्रिलचं तिकीट मे महिन्याचं करून घे. पहिल्या भागाच्या वाढदिवसाला टोळी जमणार आहे, मार्सीने टेबल जोडून ठेवायचं कबूल केलंय. गस म्हणतो आठवा भाग निघणार आहे, त्याला आत्तापासूनच राग आलाय. लायलचा ॲप्रन मी गार पाण्यात धुतला. तो मी घालणार आहे, मला नाडीचे तीन वेढे घ्यावे लागतात. ताटही मीच मांडणार.

नियम तूच केला होतास, की ताट एकच मांडायचं, जो नाही त्याचं. तू आलास तर ते लायलचं. नाही आलास तर तुम्हा दोघांचं, आणि तुझे करपलेले टोस्ट आणि त्याचे पॅनकेक एका ताटात मावत नाहीत. मी मांडून बघितलं.

आर्डिस